कुलूप काढण्याची रीतसर पद्धत

रविवारी सकाळी नऊ वाजता निरीक्षकांनी प्रमाणित वजनांची लाकडी पेटी उघडली आणि पन्नास ग्रॅमच्या वजनाशेजारची खाच रिकामी पाहून ती बंद केली. मग पुन्हा उघडली. खाच रिकामीच होती. वडिलांच्या जुन्या गाडीची किल्ली त्या खाचेत असायलाच हवी होती, कारण ती त्यांनी स्वतः तिथे ठेवली होती, आणि निरीक्षकांनी ठेवलेली वस्तू जागची हलल्याचं उदाहरण त्या घरात नव्हतं.

वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं काढताना त्यांनी कुणाला एका ग्रॅमची सूट दिली नव्हती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणे, आणि ते समोरून येताना दिसले की भाजीवाला आपण होऊन तराजू पुसायला घेई.

"अगं, गाडीची किल्ली पाहिलीस का?"

"तुमच्या पेटीला एकदाच हात लावला होता मी," बायको आतून म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात. अजून ऐकून घेतेय."

आजच किल्ली हरवायला नको होती. वडील गेल्यापासून ती गाडी दोघा भावंडांची म्हणून गॅरेजात उभी होती आणि तिच्यासाठी बहिणीने एक हॉटेलवाला गाठला होता. तो ती दारात शोभेला ठेवून आत फुलझाडांच्या कुंड्या मांडणार होता. बाबांच्या सीटवर कुंडी, ही कल्पनाच निरीक्षकांना सहन होत नव्हती. शेवटी बहिणीने तोड काढली होती. "रविवारी चारच्या ठोक्याला मी येते. गाडी सुरू झाली तर ठेव तुझ्याकडे, मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही झाली तर सोमवारी हॉटेलवाला घेऊन जाईल. आणि दादा, ठोक्याला म्हणजे ठोक्याला. नियम तुझाच आहे."

आठ महिने खपून मेकॅनिकने इंजिन नवं केलं होतं. बॉनेट उघडून, बाहेरून वायरी जोडून त्याने ते धडधडवूनही दाखवलं होतं आणि "आता किल्ली फिरवायचा मान तुमचा" म्हणून तो गेला होता.

निरीक्षकांनी गाडीची माहितीपुस्तिका काढली. किल्ली नाही तर डॅशबोर्डवरचं कुलूप काढावं, दुसरं बसवावं, इतकं साधं गणित होतं. पुस्तिकेत कुलूप काढायची पद्धत दिलेलीही होती. प्रथम किल्ली लावून पहिल्या खुणेपर्यंत फिरवावी, मग कुलपाच्या तोंडावरच्या बारीक छिद्रात तार खुपसावी.

"म्हणजे किल्ली नाही म्हणून कुलूप काढायचं, आणि ते काढायला किल्ली लागणार?" बायकोने विचारलं.

"पद्धत तशी आहे," निरीक्षक म्हणाले आणि चपला घालून किल्लीवाल्याकडे गेले.

किल्लीवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. "कुलपाच्या पाठीवर नंबर असतो. नंबर आणा, अर्ध्या तासात किल्ली देतो."

"पाठ बघायला कुलूप काढावं लागेल."

"मग मी येऊन काढतो. गाडीचे कागद दाखवा. कागद बघितल्याशिवाय मी कुणाच्या गाडीला हात लावत नाही."

कागद गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यात होते. कप्पा त्याच किल्लीने उघडत असे.

"मग नाही जमायचं साहेब. उद्या कुणीही येईल आणि गाडी माझी म्हणेल. नियम म्हणजे नियम."

"अगदी बरोबर," निरीक्षक भारावून म्हणाले. इतका काटेकोर माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि ते हात हलवत घरी आले.

"शाबासकी देऊन आलात?" बायकोने कपाळावर हात मारला.

तिनेच मग शेजारच्या दंतवैद्यांना हाक मारली. दंतवैद्यांना रविवार खायला उठत असे. ते कपाळावर दिवा बांधून, दांड्याचा छोटा आरसा घेऊन लगबगीने आले आणि त्यांनी कुलपाच्या छिद्रात डोकावून पाहिलं.

"कशाला काढता? वायरीला वायर लावा आणि मोकळे व्हा."

"ती चोराची पद्धत झाली."

"अहो, गाडी तुमचीच आहे ना?"

"गाडी माझी, पण पद्धत चोराचीच. बाबांची गाडी मी तशी सुरू करणार नाही."

बाबांचं गाडी सुरू करणं हा एक सोहळा असे. मागच्या सीटवर बसून निरीक्षकांनी तो लहानपणापासून पाहिला होता. पुढची जागा बहिणीची, कारण मागे बसलं की तिला मळमळे. बाबा खिशातून किल्ली काढत, ती रुमालाने पुसत, उजव्या हाताने फिरवत आणि पुढे पुढे डाव्या हाताने खाली वाकून सीटही सारखी करत. मग इंजिन बोलू लागे. त्या किल्लीला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

शेवटी कुलपाला मागच्या बाजूने गाठायचं ठरलं. त्यासाठी स्पीडोमीटर काढावा लागला. स्पीडोमीटर निघेना म्हणून त्याच्या शेजारचं घड्याळ काढलं, घड्याळासाठी सिगारेटच्या राखेची डबी, आणि डबीसाठी लाकडी पट्टी. निघालेला प्रत्येक भाग निरीक्षक पांढऱ्या चादरीवर ठेवत आणि त्याला क्रमांकाची चिठ्ठी लावत. चादर बायकोची ठेवणीतली होती, हे तिला बाराव्या क्रमांकाला कळलं. तेव्हापासून ती गॅरेजात आली नाही.

"मूळ फार खोल आहे हो," दंतवैद्य घाम पुसत म्हणाले. "थोडं दुखेल."

चाराला पाच मिनिटं असताना एकेचाळिसावा भाग म्हणून कुलूप निरीक्षकांच्या तळहातावर पडलं. नंबर स्पष्ट होता. पण निरीक्षकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"डॉक्टर, याच्या वायरी कुठे आहेत?"

दंतवैद्यांनी आरसा आत घातला, वर फिरवला, खाली फिरवला. "दात आहे," ते सावकाश म्हणाले, "पण नसच नाही."

कुलूप कशालाच जोडलेलं नव्हतं. नुसतं डॅशबोर्डमध्ये बसवलेलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. बरोबर चार वाजले होते.

बहीण दारात थबकली. चादर, चिठ्ठ्या, डॅशबोर्डला पडलेलं भगदाड, आणि ओशाळ्या चेहऱ्याने उभा असलेला दादा. त्याच्या नाकाला ग्रीस लागलं होतं.

"हे काय करून ठेवलंस?"

निरीक्षकांनी सांगायला सुरुवात केली. सवयीप्रमाणे त्यांनी पेटीपासून सुरुवात करून पुस्तिका, किल्लीवाला, कागद असं सगळं क्रमवार सांगितलं. दंतवैद्यांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला तेव्हा "एकोणिसाव्या भागावर येतोच आहे" म्हणून त्यांना थांबवलं. ऐकून पाय दुखले म्हणून बहीण जाऊन बाबांच्या सीटवर बसली.

"किल्ली होय?" तिने पर्समधून एक जुडगा काढला. "ही बघ. मागच्या खेपेला नेली मी. बाबांची आठवण म्हणून. तुला विचारलं असतं तर अर्ज करायला लावला असतास."

"पण किल्लीशिवाय मी गाडी सुरू कशी करणार होतो?"

"हिला किल्ली कधी लागली रे?" बहीण म्हणाली आणि बोलता बोलताच तिचा डावा हात सीटखाली गेला. खट् आवाज झाला, मग काहीतरी दाबल्याचा, आणि इंजिन एकदा खोकून सुरू झालं.

आपण काय केलं हे बहिणीला त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिने हात झटकन बाहेर ओढला. इंजिन मात्र चालूच राहिलं.

"तू नोकरीला लागलास त्या वर्षी बिघडलं ते कुलूप," ती म्हणाली. "बाबांनी सीटखाली खटका बसवून घेतला. किल्ली नुसती रुबाबाला. दुपारी ते झोपले की मी गाडी काढायची. त्यांना कधी पत्ता लागला नाही."

तिने किल्लीने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागद होते, आणि कागदांवर बाबांची छोटी वही. तिने ती उघडली आणि ती वाचू लागली.

"गुरुवार. कन्या, सहा मैल. झोपेचं सोंग घेतलं. शनिवार. कन्या, नऊ मैल. वळण छान घेते." तिने पान उलटलं आणि ती एकदम हसायला लागली. "चिरंजीवांना कळू देऊ नये. नियम दाखवील."

निरीक्षकांना ते लागलं. इतकी वर्षं त्या घरात एक गंमत चालली होती आणि ते तिच्या बाहेर होते. त्याहून जास्त लागलं ते हे, की बाबांचं म्हणणं खरं होतं. कळलं असतं तर त्यांनी खरोखरच नियम दाखवला असता.

ते दार उघडून बहिणीच्या शेजारी बसले. या गाडीत पुढे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "ठोक्याला म्हणजे ठोक्याला ठरलं होतं. किती वाजले?"

निरीक्षकांनी मनगटाकडे पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. त्यांनी घड्याळ सोडलं, वही कप्प्यात ठेवून ते तिच्यावर ठेवलं आणि कप्पा लावून टाकला.

"चार," ते म्हणाले.