संचालकांचा फोटो आणि त्याची तात्पुरती प्रत

जगात तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नाही. खिडकी वाजू नये म्हणून फटीत घातलेली कागदाची घडी, दोन दिवसांसाठी आणलेली शेजाऱ्यांची शिडी आणि 'पुढील व्यवस्था होईपर्यंत' नेमलेली समिती यांनी हे वेळोवेळी सिद्ध केलं आहे. अलीकडे त्यात ब्राउझरची भर पडली. आपण एखादं पान उघडलं की तो त्यातली चित्रं आपल्या यंत्रात तात्पुरती ठेवून घेतो, म्हणजे पुढच्या वेळी लांबून परत आणायला नकोत. समजूतदार प्राणी आहे.

तराजू आणि वजनं तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या एका संस्थेत नवे संचालक रुजू झाले. आधीचे संचालक निवृत्त झाले होते, आणि ते नव्यांचे साडू होते. (नेमणूक निव्वळ गुणवत्तेवर झाली. साडूंनी शिफारस तर केली नव्हतीच, उलट विरोध केला होता.) पहिल्याच सकाळी, चहा येण्याआधी, नव्या संचालकांनी आपल्या लॅपटॉपवर संस्थेचं संकेतस्थळ उघडलं. 'आमचे संचालक' या मथळ्याखाली नाव त्यांचं होतं. फोटो साडूंचा होता. वर हसत होता.

मुख्य लिपिकाला बोलावणं गेलं. त्याने आपल्या टेबलावरच्या संगणकात पाहिलं आणि येऊन सांगितलं, "माझ्याकडे तर तुम्हीच दिसताय, साहेब." उपसंचालकांकडेही साहेबच दिसत होते. ड्रायव्हरच्या मोबाइलवरही साहेबच होते, आणि जरा तरुणच वाटत होते. म्हणजे सगळ्या जगाला साहेब दिसत होते, फक्त साहेबांना साडू. इतका नाजूक कट संस्थेच्या इतिहासात आजवर झाला नव्हता. साहेबांनी चौकशी समिती नेमली.

समितीच्या पहिल्या बैठकीत फोटो अस्तित्वात असल्याचं एकमताने मान्य झालं. दुसऱ्या बैठकीत तो हसरा असल्याचं बहुमताने. (एका सदस्याच्या मते ते हसू नसून दातांची ठेवण होती.) तिसऱ्या बैठकीत कुणालातरी संगणक विभागाची आठवण झाली. तिथून एक बाई आल्या. त्यांना जेवायला जायचं होतं, म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

"जुनी प्रत दाखवतोय," त्या म्हणाल्या. "नव्या फोटोच्या फाइलला आम्ही जुनंच नाव दिलं, 'संचालक'. ब्राउझर म्हणतो, संचालक माझ्याकडे आहेत की. आणि हा फोटो वर्षभर बदलत नाही, असं आम्हीच त्याला सांगून ठेवलंय."

"मग बाकीच्यांना कसा नवा दिसतो?" उपसंचालकांनी विचारलं.

"बाकीच्यांनी ते पान आधी कधी उघडलंच नसेल. कोण उघडतंय? ज्या यंत्रावर आधी कुणी पाहिलंय, त्यातच जुना फोटो राहणार. हा लॅपटॉप घरचा आहे ना, साहेब?"

समिती छताकडे पाहू लागली. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"घरी सौभाग्यवती वापरते," साहेब म्हणाले. "तिच्या ताईचे यजमान ते. कौतुक असतं."

समितीने हे खेदपूर्वक मान्य केलं. उपसंचालक जुन्या साहेबांच्या विश्वासातले असल्यामुळे (ते नव्यांच्याही विश्वासातले होते) ही बातमी दुपारी साडूंकडे, चहाच्या वेळी ताईकडे आणि साहेब घरी पोचण्याआधी सौभाग्यवतींकडे पोचली.

"मी त्या लॅपटॉपला हात लावते?" दार उघडताच त्यांनी विचारलं. "पासवर्ड तरी सांगितलात कधी?"

साहेब मोजे काढत बसले. एक मोजा निघाला तरी ते काढतच राहिले.

"ताई फोनवर हसत होती. म्हणाली, भाऊजींचा फोटो तू चोरून बघतेस म्हणे. अहो, खरं सांगा, रोज बघत होतात त्यांना?"

"रोज नाही."

"मग?"

"सकाळी. कधीतरी जेवण झाल्यावर."

सौभाग्यवती खुर्चीत बसल्या. ओरडायची सगळी तयारी झाली होती, पण ते जमेना. "मी इतकी वर्षं त्यांचं कौतुक करत आले," त्या म्हणाल्या, "तुम्ही पेपरात डोकं घालून असायचात. मला वाटायचं, ऐकतच नाही आहात."

"शब्द न् शब्द ऐकत होतो," साहेब म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या मोज्याला हात घातला. सौभाग्यवतींनी उठून चहा टाकला आणि त्या संध्याकाळी ताईचा फोन दोनदा वाजू दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दार लावून तात्पुरत्या फाइली स्वतः पुसल्या. कृती सोपी आहे. सेटिंगमध्ये जायचं, काय काय पुसायचं ते निवडायचं, 'नक्की का?' असं यंत्र विचारतं तेव्हा क्षणभर थांबायचं, आणि बटण दाबायचं. पान पुन्हा उघडलं, जरा हळू उघडलं, आणि तिथे साहेब होते. टाय थोडा वाकडा. त्यांनी स्वतःकडे अर्धं मिनिट पाहिलं. त्याहून जास्त पाहण्यासारखं काही निघालं नाही.

मग त्यांनी शोधाच्या चौकटीत साडूंचं नाव टाकलं. साडू निवृत्तीनंतर एका खूप मोठ्या संस्थेत मानद सल्लागार झाले होते. तिथे त्यांचा नवा फोटो होता, आणि मागे शहर दिसणारी खिडकी. ब्राउझरने तो लगेच ठेवून घेतला. तात्पुरता.

यंत्र साफ करणाऱ्यांची एक पाहणी मी केली आहे (नमुना लहान आहे, घरचाच आहे). साफसफाईनंतर जवळजवळ प्रत्येकाने पहिलं पान उघडलं ते एका ठरावीक माणसाचं, आणि तो माणूस आवडता नव्हता. आपण अर्थात त्यातले नाही. हे वाचताना आपल्यालाही एक चेहरा आठवला, तो केवळ उदाहरणादाखल. हे पान मिटल्यावर आपण त्याच्याकडे जाणार आहात. जा, फार वेळ लागायचा नाही. प्रत तयारच आहे.