परबकाकांच्या दाढांतली चांदी

आमचे परबकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, थेट तोंडात बघतात. चारकोपच्या आमच्या इमारतीत त्यांच्यासमोर मोकळेपणाने हसायची सोय नाही. जांभई तर देऊच नये. माझ्या समोरच्या दारात ते एकटे राहतात. इथे राहायला आल्यावर मी पहिल्यांदा हसून नमस्कार केला, तर नमस्कार राहिला बाजूला. म्हणाले, "बाई, उजवीकडे मागे चांदी दिसता. कधी भरलंस?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं. पोरांची नखं मी तपासायची, माझी अशी तपासणी कधी कुणी केली नव्हती!

चांदी म्हणजे किडलेल्या दाढेत पूर्वी डॉक्टर भरायचे ते काळपट मिश्रण. त्यात पारा असतो. कुणीतरी काकांच्या मोबाइलवर त्याचा एक व्हिडिओ धाडला आणि सगळ्या मजल्याची वाट लागली. खुद्द काकांच्या सहा दाढांत चांदी. तेव्हापासून चहा कोमट, कारण गरम चहाने म्हणे वाफ निघते. सुपारी बंद. चकली त्या कोमट चहात बुडवून. आणि वर प्रत्येकाला दम, "पारो म्हणजे मस्करी नाय, हां!"

चांदी काढायची हे ठरलं. किती घाईने काढायची, ते काही ठरेना. सकाळी दूध घेताना म्हणायचे, "सगळी एकदम काढून टाकतंय." संध्याकाळी जिन्यात गाठायचे, "घाई केली तर मशीन फिरताना पारो उडतलो, पोटात जातलो. हळूहळू बरा. वर्साक एक." मासळीवालीचं मत घेतलं, वॉचमनचं घेतलं. वॉचमन बिचारा म्हणाला, "एकदम निकाल डालो, साब." तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं.

त्यात सहापैकी एक दाढ तडकली. काका एकाच बाजूने जेवायला लागले. बांगड्याचं तिखलं दिलं तर वाटी तशीच परत आली. मालवणी माणसाने बांगडा परत पाठवला म्हणजे दुखणं साधं नव्हे. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीची वेळ घेतली. काका म्हणाले, श्रावण आहे. पुन्हा घेतली. गणपतीला गावाला जायचं होतं. तिसऱ्यांदा पितृपक्ष निघाला.

"काका, दात पितरांना विचारून काढतात का हो?" मी ओरडले. पायांत चप्पल सरकवली आणि त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं.

डॉक्टरीण तरुण, पण शांत. तिने बराच वेळ बघितलं. म्हणाली, "काका, पाच दाढा ठणठणीत आहेत. त्यांतली चांदी घट्ट बसलीये. उगाच उकरली तर उलट जास्त पारा सुटेल आणि दाढाही कमजोर होतील. त्यांना हात नको लावूया. ही मात्र तडकलीये, आत कीड गेलीये, हिच्यातली चांदी काढून नवीन भरावं लागेल. अजून थांबलात तर दाढच जाईल."

मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे! काका मात्र छताकडे बघत बसले.

"भरलीये मात्र सुरेख," ती सहज म्हणाली. "कोणी केलं होतं हे काम?"

"माझ्या चेडवान," काका म्हणाले.

त्यांच्या घरातला हार घातलेला मुलीचा फोटो मी रोज बघत होते. शिकून पास झाली आणि वर्षाच्या आत तापाने गेली, इतकंच ऐकलं होतं. काय शिकली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

काका खुर्चीतूनच सांगायला लागले. दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मुलांना ठरावीक दाढा भरून दाखवाव्या लागायच्या आणि पेशंट आपले आपणच आणायचे. हिच्याकडचे पेशंट पळून जायचे. मग काका छापखान्यातून रजा काढून जाऊन बसायचे. "लोक चेडवांच्या शिक्षणासाठी जमीन इकतत. माझ्याकडे जमीन खंय होती? दात होते, दिलंय." मग म्हणाले, "हात कापायचो गो तिचो. 'बाबा, दुखता?' म्हणून इचारायची. मी मान हलवून नाय म्हणी. दुखत होता, खूप दुखत होता. पण तिका कळला असता तर तिचो हात अजून कापलो असतो."

एवढे महिने हा माणूस पाऱ्याला भीत होता आणि पारा जाईल म्हणूनही भीत होता. आणि आम्ही त्याला मतं देत होतो.

"बाकीची पाच रवतली मां?" त्यांनी डॉक्टरणीला विचारलं.

"राहतील काका. तुम्ही आहात तोवर राहतील."

"मग ही काढ. आजच काढ." आणि मग अगदी हळू, "तुकडो माका देशीत?"

ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "नाही देता येणार काका. पारा आहे ना, बंद बाटलीतच ठेवावा लागतो."

काकांनी समजूतदारपणे मान डोलावली. "बरोबर आसा. पारो म्हणजे मस्करी नाय. झाकण तेवढा घट्ट लाव."

तिने इंजेक्शन दिलं, दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, पाण्याचा फवारा सुरू केला. मशीन घरघरलं. काकांनी माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. थोड्या वेळाने त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळायला लागलं. डॉक्टर मुलीने चटकन हात थांबवला.

"काका, दुखतंय का?"

परबकाकांनी मान हलवली. नाही.