वडाला बांधलेली मोटार

रहेमानची दिंडोरीला उतारू नेणारी मोटार पंचवटीतल्या त्या आळीत वडाखाली उभी राहू लागली, आणि सावळीरामशेठच्या घरी रोजच्या जेवणात भाताच्या आधी मोटार वाढली जाऊ लागली.

"रस्ता माणसांसाठी आहे का त्या डबड्यासाठी?" शेठ आमटीचा भुरका मारून विचारत. "सकाळी पितळेची भांडी चिंच लावून लखलखीत करून दुकानात मांडावीत, नऊ वाजता ती मोटार धूळ उडवत सुटावी, आणि माझ्या घागरी कुंभाराच्या दिसाव्यात! शिवाय तो भोंगा. काल एक बाई हंडा पसंत करून बसली होती. भोंगा वाजला तशी हंडा टाकून पळाली."

सिंधुबाई वाढता वाढता हळूच म्हणत, "आपल्या बयेचं दिंडोरीला जमलं, तर मोटार दाराशी असलेली बरी. पोर सणावाराला येईल तरी."

"आधी जमू दे! म्हणे सणावाराला."

 सिंधुबाईंना बोलण्यापेक्षा नेमाची सवय जास्त. सकाळी तुळशीला पाणी, सोमवारी उपास, चतुर्थीला चंद्र दिसल्याखेरीज पाण्याचा थेंब नाही. जे नवऱ्याला सांगायचे ते त्या देवाला सांगत, आणि देव ते आपल्या सवडीने शेठना सांगे. देवाला सवड थोडी उशिरा मिळे, एवढेच.

आळीत मोटारीवरून दोन तट पडले होते. ज्यांच्या लेकी दिंडोरीकडे दिलेल्या, ते मोटारीच्या बाजूने. ज्यांच्या ओट्यावर धूळ बसे, ते उलट बाजूने. काळू टांगेवाला तर सगळ्यांत पुढे, कारण वडाखालची ती सावली पूर्वी त्याच्या घोड्याची होती. शेजारच्या धोंडाबाई मात्र दोन्ही तटांत होत्या. ज्या ओट्यावर बसत, त्या ओट्याचे मत त्यांचे असे.

शेवटी शेठनी पुढाकार घेऊन म्युनिसिपालिटीत तक्रार नेली. मोटार गावाबाहेर, द्वारकेच्या नाक्यावर उभी करावी, असे त्यांचे म्हणणे. सोमवारी साहेब स्वतः जागा बघायला येणार असे ठरले. त्या आनंदात शेठनी वडाखाली उभे राहून, चारचौघांसमोर, मोटारीकडे बोट करून सांगितले, "या मोटारीत पाय ठेवीन तर नावाचा सावळीराम नाही!"

काळूने टाळ्या वाजवल्या. रहेमान काच पुसत होता, तो पुसतच राहिला.

आणि शुक्रवारी तिन्हीसांजेला दिंडोरीहून निरोप आला. बयेला बघून गेलेले मुलाचे वडील नाथाभाऊ म्हणत होते, मुलगी पसंत आहे. पण उद्या दुपारी ते कांद्याच्या कामाने सटाण्याला निघणार, आणि तिथे दुसरी एक मुलगी दाखवायची आहे. शेठ त्याआधी येऊन सुपारी फोडत असतील तर ठीक, नाहीतर सटाण्याची सून.

शेठचा घास हातात राहिला. काळूच्या टांग्याने दिंडोरी म्हणजे अख्खा दिवस गेला. वेळेत पोचवणारी एकच गोष्ट होती, आणि तिच्यात पाय ठेवायचा नव्हता.

सकाळी सिंधुबाई वटपौर्णिमेच्या पूजेचे तबक भरण्यात गुंतल्या होत्या. "बघतो काहीतरी," एवढे पुटपुटून शेठ मागच्या दाराने बाहेर पडले. आळी अजून नीट जागी नव्हती. रहेमानने कान देऊन सगळे ऐकून घेतले आणि मान डोलावली.

"बेटीचं काम आहे शेठ, मी कशाला कुणाला सांगतो? मागच्या बाकावर बसा. ताडपत्रीचे पडदे सोडून देतो. गाव सुटलं की वर करू."

"पण पाय..."

"पाय वर घेऊन बसा ना. मांडी घाला."

शेठ आत गेले आणि देवघरात बसावे तशी मांडी घालून बसले. रहेमान पेट्रोलचा डबा आणायला आणि इंजिनासाठी पाणी भरायला गेला. जाताना त्याने एक गोष्ट केली नाही. मोटार बाजूला घेतली नाही. आदल्या रात्री काळूने मुद्दाम टांगा आडवा लावल्यामुळे त्याने ती वडाच्या खोडाला अगदी चिकटवून उभी केली होती. खोड आणि मोटार यांच्यामधून मांजरही गेले नसते.

थोड्याच वेळात आळीतल्या सवाष्णी नव्या लुगड्यांत, नथी सावरत, सुताची गुंडी आणि आंबे घेऊन वडाशी आल्या.

"आता गं बाई!" धोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ही सवत इथं कुठं येऊन बसली? अहो रहेमानभाई! अहो!"

रहेमान नव्हता.

"थांबायचं का?"

"थांबून कसं चालेल? अजून स्वयंपाक व्हायचेत. आणि उपाशीपोटी मला चक्कर येते." धोंडाबाईंनी मोटारीकडे आणि मग वडाकडे पाहिले. "देव भाव बघतो बायांनो, मोटार बघत नाही. दोघांभोवती घ्या फेरे! वडाभोवती तर होतातच ना?"

यात खोट काढायला कुणाला सापडेना. मान सिंधुबाईंचा, म्हणून पहिला दोरा त्यांचा. त्यांचा नेम असा, की फेरे पुरे होईपर्यंत मौन. त्यांनी पारंबीला टोक बांधले, हात जोडले आणि मोटारीला वळसा घालून पहिला फेरा घेतला.

आत शेठ श्वास धरून बसले होते. फटीतून बघतात तो आपलीच बायको आपल्याभोवती प्रदक्षिणा घालते आहे! ओरडावे, तर सगळ्या आळीच्या बायका बाहेर. न ओरडावे, तर दोरा चाललाच आहे. घाबरल्यावर शेठ तपकीर ओढत. सवयीने चिमूट नाकाशी गेली, आणि दुसऱ्या फेऱ्याला पडद्याआड तीन शिंका आल्या. दोन बारीक आणि तिसरी, शेवटी सूर लावलेली.

बाकीच्या बायका एकीच्या नव्या नथीचा मोती बघण्यात रंगल्या होत्या. सिंधुबाई मात्र जरा थबकल्या. मग पदर सावरून पुढे चालू लागल्या. सात फेरे पुरे झाल्यावर बाकीच्यांनीही आपापले दोरे घातले. बघता बघता मोटार सुताच्या रिळासारखी दिसू लागली.

रहेमान पाण्याचा डबा घेऊन आला आणि तो डबा त्याच्या हातातून सुटला.

"या अल्ला! हे काय केलंत?"

"तुम्ही कुठं गेला होतात?" धोंडाबाईंनी उलट विचारले.

तोवर प्रवासी जमले होते. काळू टांगा घेऊन तयारच होता. "लय झ्याक! आमच्या घोड्याला दावं लागतं, मोटारीला सूत पुरलं! चला दिंडोरीवाले, टांग्यात बसा. दिवस मावळंस्तोवर पोचवतो!"

'दिवस मावळंस्तोवर' ऐकून पडद्याआड तपकिरीची डबी खाली पडली.

एक प्रवासी म्हणाला, "अहो, सूत ते काय! कच कन तोडा आणि चला."

"मी तोडू?" रहेमान दोन पावले मागे सरला. "आळीतल्या सगळ्या नवऱ्यांची उमर आहे त्यात. उद्या कुणाला साधा खोकला झाला तरी धोंडाबाई माझं नाव घेतील."

"घेईनच!"

"आणि माझी हाजरा मला घरात घेणार नाही, ते वेगळंच."

"मग उलटे फेरे घेऊन सोडवू," एक नवी सून म्हणाली.

"उलटे?" साऱ्याजणी एकदम किंचाळल्या. "अगं, दिलेलं आयुष्य परत मागतेस का?"

"दोरा खाली सोडा. वरून चाक जाईल," दुसऱ्या प्रवाशाने सुचवले.

रहेमानने कानाला हात लावला. "पूजेच्या दोऱ्यावरून चाक? ना बाबा."

"मग राहू दे आजचा दिवस," धोंडाबाईंनी निकाल दिला. "उद्या पौर्णिमा सरली की बघू."

यावर मोटारीतून एक लांबलचक कण्हणे ऐकू आले. 

"आत कोण हाय रे?" काळूने विचारले.

रहेमानने शब्द दिलेला होता. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "सामान आहे."

"सामान कण्हतं होय?"

कुणी पडद्याला हात लावणार, तेवढ्यात सिंधुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "थांबा. आमच्या घरचंच माणूस आहे."

"घरचं म्हणजे कोण गं?" धोंडाबाईंचे डोळे लकाकले. "नाव घे, म्हणजे कळेल!"

नवऱ्याचे नाव सरळ तोंडाने कसे घ्यायचे? आणि आज तर वटपौर्णिमा. सिंधुबाईंनी पदर डोक्यावर ओढला, जमिनीकडे पाहिले आणि उखाणा घेतला,

"वडाच्या पारंबीला दोरा बांधला बाई,
सावळीरामरावांना दिंडोरीला जायची घाई!"

हास्याचा असा लोट उठला की घोडा बिचकला. पडदा वर झाला. आत शेठ, पागोटे तिरके, मिशीवर तपकीर.

"शेठ!" काळू रडवेला झाला. "तुमी? तुमी म्हनला व्हता, पाय ठेवीन तर..."

"पाय कुठं ठेवलाय?" शेठ गरजले. "नीट बघ! मांडी घालून बसलोय!"

खरेच, पाय वर होते. 

मग सिंधुबाईंनी बयेची हकिकत सांगितली, आणि आळीचे हसू ओसरले. मोटार कुणाची का असेना, मुलगी आळीची होती. आता सगळेच घाईला आले.

"तोडायला नको, उलगडायला नको, तुडवायलाही नको," सिंधुबाई म्हणाल्या. "वर उचलला तर? देवाचा दोरा वर गेल्यानं काही बिघडत नाही."

पण मोटारीच्या टपाच्या वर दोरे उचलणार कोण? आळीत उंच माणूस एकच, आणि तो मोटारीत मांडी घालून बसला होता. शेठ उतरले. उंची तरीही कमी पडत होती. सगळ्यांनी काळूच्या टांग्याकडे पाहिले.

"माझ्या टांग्यावर चढून मोटार सोडवनार?" काळू म्हणाला. मग त्याने डोके खाजवले. "बयेनं लहानपनी माझ्या घोड्याला लय गूळ चारलाय. या शेठ, चढा."

टांगा मोटारीशी आला. एका बाजूला शेठ छत्री घेऊन, दुसऱ्या बाजूला काळू चाबकाचा दांडा घेऊन उभा. खालून बायका सूचना देत होत्या. त्या सगळ्या एकाच वेळी आणि वेगवेगळ्या. "हळू!" "डावीकडं!" "माझा दोरा ताणू नका, आमच्या ह्यांना आधीच दमा आहे!" दोरे इंच इंच वर सरकले, टपाच्या वर गेले, आणि त्या तोरणाखालून रहेमानने मोटार एखाद्या नवरदेवासारखी हळूच बाहेर काढली. एकही दोरा तुटला नाही. सैल सूत बायकांनी पारंब्यांना गुंडाळून टाकले.

मग शेठ चारचौघांदेखत मोटारीत बसले. या खेपेला पाय खाली सोडून.

दिंडोरीला नाथाभाऊंची बैलगाडी जुंपलेलीच होती. सुपारी फुटली. पेढा खाता खाता नाथाभाऊ म्हणाले, "आमच्या हिला एकच काळजी. सून माहेरी गेली का आठ दिवस येत नाय. तुमच्याकडं मोटार कुठशी थांबती?"

शेठनी पेढा गिळला. "अगदी दारात! वडाखाली. सकाळी निघाली, तर संध्याकाळी घरी."

सोमवारी म्युनिसिपालिटीचे साहेब आले. आळी गोळा झाली. साहेबांनी वड पाहिला, पारंब्यांवरचे सूत पाहिले, मोटार पाहिली आणि विचारले, "तक्रार कुणाची?"

सगळ्यांनी शेठकडे पाहिले.

"माझी," शेठ घसा साफ करून म्हणाले. "तक्रार अशी, साहेब, की ही मोटार खोडाला चिकटून उभी राहते, त्यामुळे बायकांना फेरे घालता येत नाहीत. ती चार हात अलीकडं, माझ्या दुकानापुढं उभी करावी. आणि उरलेली सावली काळूच्या घोड्याला द्यावी."

साहेबांना इतकी सोपी तक्रार आजवर कुणी सांगितली नव्हती. ते खूश होऊन, चहा घेऊन गेले.

त्या रात्री जेवताना शेठनी आमटीचा भुरका मारला. मग म्हणाले, "मी आत आहे हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या फेऱ्याला. तिसरी शिंक तुमचीच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मौन होतं."

"मौन ठीक आहे. पण पुढचे पाच फेरे इतके घट्ट आवळायचं काय कारण होतं? मी फटीतून बघत होतो!"

सिंधुबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला, वर तुपाची धार धरली आणि नेहमीच्याच हलक्या आवाजात म्हणाल्या,

"मोटार इथंच राहावी, म्हणून."