धुक्यातली दुसरी होडी

मेहुण्याच्या पिशवीतले सॉसेज ऑर्लिनने जंगलाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाडीत परत ठेवले, तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

"वॉलाय माशांच्या तळ्यावर मांस घेऊन जाणं म्हणजे लग्नाला जाताना घरून डबा नेणं," तो म्हणाला. पिशवीत पीठ, चरबी, कांदे आणि बटाटे राहिले. मासा तळ्याने द्यायचा होता. उत्तर मिनेसोटात ही रीतच आहे आणि तळ्याने ती पाळली नाही तर काय करायचं, हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही.

वॉलाय कुठे असतो हे ऑर्लिनला कळतं, अशी गावात ख्याती होती. ते त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, म्हणून ती टिकून होती. त्या भागात माणूस आपलं उत्पन्न सांगेल, मूळव्याध सांगेल, पण मासे कुठे मिळाले ते सांगणार नाही. 'काही मिळालं का?' असं कोणी विचारलंच तर 'एखाद-दोन' म्हणायचं. मग बादली भरून वाहत असो की कोरडी ठणठणीत असो.

मेहुणा मर्ल वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला गोष्ट रंगवून सांगता यायची, आणि रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी प्यायला सगळं गाव जमायचं. रिकाम्या हाताने परतलो तर पुढची वीस वर्षं आपण त्या कॉफीबरोबर बिस्किटासारखे खाल्ले जाऊ, हे ऑर्लिनला दिसत होतं.

पहिल्या दिवशी ऊन फार होतं. ऑर्लिनने सांगितलं की वॉलायच्या मोठ्या, काचेसारख्या डोळ्यांना ऊन सोसत नाही. मग वारा पूर्वेकडून आला; पूर्वेचा वारा वॉलायला आवडत नाही. मग वारा पडला. तेही त्याला आवडत नाही. मर्लने विचारलं की, हा मासा आहे की आमची थोरली आत्या? त्यानंतर दोघांनी कांदे घालून बटाटे खाल्ले. कांदे संपल्यावर नुसते खाल्ले.

आज, तिसऱ्या दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आधीच तळ्यावर धुकं उतरलं. काठावरची झाडं एकेक करून पुसली गेली. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं आणि होडी मधे कुठेतरी टांगल्यासारखी वाटू लागली. असल्याच उजेडात वॉलाय वर येतो, असं म्हणत ऑर्लिनने गळाला जळू लावली. लांबून लून पक्षी ओरडला. बंद खोलीत एखादी बाई एकटीच हसावी, तसा त्याचा आवाज असतो.

"दाजी," मर्ल हळूच म्हणाला, "तिकडे कोणीतरी आहे."

धुक्यात दुसरी होडी होती. तीत दोन आकृत्या, पुढे एक हडकुळी, मागे एक रुंद, मर्ल आणि ऑर्लिन बसले होते तशाच. वल्ह्याचा आवाज नाही, बोलण्याचा नाही. बघता बघता रुंद आकृती वाकली, तिने हातजाळं पाण्यात घातलं आणि सावकाश वर उचललं.

ऑर्लिनने मान पुढे काढली. यांना जागा माहीत आहे! पण विचारणं अशक्य. सरळ वल्हवत जाणंही अशक्य. ते दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं झालं असतं. मात्र आपली होडी आपोआप वाहत तिकडे गेली, तर त्याला कोण काय म्हणणार? त्याने वल्हं पाण्याखालीच ठेवून आपोआप वाहायला सुरुवात केली.

ते जितके पुढे सरकले, तितकी ती होडी मागे सरकली. ते थांबले, ती थांबली. आपण रिकामे दिसू नये म्हणून ऑर्लिन वाकला आणि त्याने रिकामं जाळं झोकात वर काढलं. तत्क्षणी तिकडच्या रुंद आकृतीनेही जाळं वर काढलं.

मर्लचा चेहरा पिठासारखा झाला. "दाजी, जरा हात वर करा."

ऑर्लिनने हात वर केला. तिकडेही हात वर झाला.

"ते आपणच आहोत," मर्ल म्हणाला.

"आपण इथे आहोत."

"म्हणून तर म्हणतोय."

मग मर्लने खालच्या आवाजात आठवण करून दिली की, परवा धबधब्याजवळ होडी चांगलीच कलंडली होती. ती सावरली असं आपण समजतो. पण बुडालेल्या माणसाला तरी वेगळं काय वाटत असणार?

"बुडालेल्याला भूक लागत नाही," ऑर्लिन म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

समोर धुकं दाट झालं आणि ती होडी त्यात विरून गेली. मध्ये एक बेट होतं. त्याला वळसा घालून ते हळूहळू तिला शोधू लागले. पुढे काही दिसेना. मग मर्लने मान वळवली आणि वळवलेलीच ठेवली. होडी आता त्यांच्या मागे होती आणि जवळ येत होती.

ऑर्लिनने वल्हं छातीशी धरलं. खट्ट करून दोन्ही होड्यांच्या कडा एकमेकींना टेकल्या.

"काही मिळालं का?" धुक्यातून आवाज आला.

"एखाद-दोन," ऑर्लिनच्या तोंडून आपसूक निघालं. "तुम्हाला?"

"एखाद-दोन."

त्या दोघी बहिणी होत्या. रुंद ती आर्डिस, थोरली. हडकुळी ती लवॉन. लवॉनने हात लांब करून मर्लचा दंड चाचपला आणि सुस्कारा सोडला. "मी हिला म्हणतच होते, ती माणसं नाहीत, आपण करू तेच करतात, चल परत; होडी मागेही घेतली मी. तर म्हणते, त्यांना जागा माहीत आहे, सोडू नकोस."

"लवॉन," आर्डिस म्हणाली.

"मला हॅम गाडीत ठेवायला लावलं हिने. आल्यापासून नुसते बटाटे खातोय आम्ही."

"आम्हीसुद्धा," मर्ल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

ऑर्लिन आणि आर्डिस दोघंही पाण्याकडे बघत राहिले. गुपित फुटलं होतं, पण दोन्हीकडचं फुटलं होतं, त्यामुळे तितकंसं लागलं नाही. मर्ल आणि लवॉन बटाटे चरबीत परतावेत की निखाऱ्यात भाजावेत यावर बोलू लागले. कोणीच गळाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात ऑर्लिनच्या अंगठ्याला दोरी जड लागली. हिसका नव्हता. खाली कोणीतरी दोरीचं टोक हातात धरून विचार करत बसल्यासारखं वाटत होतं. वॉलाय असाच धरतो. ऑर्लिनने कडेवरून खाली पाहिलं. काळ्या पाण्यात दोन पांढुरके डोळे वर येत होते, खोल विहिरीतून कोणी दिवे घेऊन यावं तसे. त्यांच्या मागे आणखी दोन. त्यांच्या मागे, पार तळापर्यंत, डोळेच डोळे.

जन्मभर पुरेल अशी ही जागा होती.

"काय झालं?" आर्डिसने विचारलं.

भूक एका बाजूला होती आणि चाळीस वर्षांचं जागा लपवायचं वळण दुसऱ्या बाजूला. "तळाला अडकलं," ऑर्लिन म्हणाला.

"दाजी..." मर्लनेही ते डोळे पाहिले होते.

ऑर्लिनने सुरी काढून दोरी कापली. त्याच वेळी शेजारच्या होडीतही काहीतरी तटकन तुटल्याचा आवाज झाला. आर्डिस आपली सुरी म्यानात ठेवत होती.

"आमचंही अडकलं," ती म्हणाली. "खडक फार आहेत इथे."

"फार. मासा मिळायची जागाच नाही ही."

"छे, नाहीच."

मर्ल लवॉनकडे बघत राहिला, लवॉन मर्लकडे.

"निघा मग तुम्ही," ऑर्लिन अदबीने म्हणाला. "अंधार पडेल."

"तुम्ही व्हा पुढे," आर्डिस म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

"नाही नाही, आधी तुम्ही."

धुकं काळवंडत गेलं. कोणी वल्हं उचललं नाही. त्या वेळी जवळून कोणी वल्हवत गेलं असतं, तर त्याला तळ्याच्या मध्यावर दोन होड्या आणि चार निश्चल आकृत्या दिसल्या असत्या, आणि मधूनमधून अगदी सौजन्याने म्हटलेलं ऐकू आलं असतं, "तुम्ही व्हा ना पुढे."