नवसाबाईचे नवसाजी

१९७७ साली सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकतीस बायका बल्बचे होल्डर जोडत असत. बायका तिसांच्या वर गेल्या की मालकाने पाळणाघर काढावे, असे कायदा सांगत होता. नवसाबाईची आठ महिन्यांची पोर मात्र फाटकाबाहेर बाभळीला टांगलेल्या झोळीत असे. ती रडली की इकडे मशिनपाशी नवसाबाईची चोळी भिजायची. शेवटी तिने मॅनेजर खंडेराव साहेबांकडे पाळणाघर मागितले.

साहेब कायद्याला फार मानत. त्यांनी पुस्तक उघडले, बायका मोजल्या आणि केवळ एका बाईपायी कंपनीवर केवढे संकट ओढवले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. बाई काढावी तर युनियन बोंब मारणार. त्यांनी हजेरी कारकून गोरक्षला बोलावले.

"एक बाई कमी कर. कामावरून नको, कागदावरून."

दुसऱ्या दिवशी मस्टरवर 'नवसाजी, पुरुष' हजर झाले. कायदेभंग टळला.

आता शिस्त म्हटली की ती पुरती पाळायला हवी. नवसाजींना बायकांच्या संडासात मज्जाव झाला. पोरीला पाजायची सुट्टी गेली, कारण पुरुषाला तशी सुट्टी देण्याची तरतूद नव्हती. वर मालाची खोकी उचलणे आले. महिनाभर नवसाबाईने दातओठ खात सोसले. पगाराचे पाकीट उघडल्यावर मात्र ती थेट केबिनमध्ये शिरली.

"साहेब, ह्यो तर बाईचाच पगार हे!"

"हात बाईचेच आहेत ना?"

"म्हंजी पाळण्यापुरती मी बाप्या, आन् पगाराला बाई?"

"समानतेचा अजून अभ्यास चालू आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

आठवड्याने सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. नवसाबाईने झोळीतली पोर कडेवर घेतली आणि केबिनमध्ये त्यांच्यापुढे पाळणाघराची तक्रार मांडली. तेच तिची शेवटची आशा होते. खंडेराव साहेबांनी मस्टरवरून बोट फिरवले.

"नवसाबाई नावाची बाई इथं नाही. नवसाजी आहेत."

"त्ये मीच, साहेब!"

"मग झालं तर," इन्स्पेक्टर म्हणाले. "स्त्रिया तीस. तक्रारीत तथ्य नाही."

पोर पदराशी झटत रडू लागली. इन्स्पेक्टर लेकुरवाळे होते, त्यांचा जीव कळवळला.

"अहो नवसाजी, एवढ्या उन्हात लेकराला आणता कशाला? घरी बायकोपाशी ठेवावं!"

केबिनमधल्या सगळ्यांना ही सूचना पटली. वाचकहो, तुम्हाला हसू आले असेल. इतके निवांत वाचता आहात, म्हणजे तुमच्याही घरी पोर कुणीतरी सांभाळतेच आहे.