वाळ्याचं जाकीट

“अब्बा, सोमवारपासून तुमची मोटारसायकल मी नेऊ काय चंद्रपूरले?”

मदीहाने प्रश्न विचारला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. भद्रावतीच्या बसस्टँडवर तिच्या मैत्रिणीने, रंजीताने, आणि बाकीच्या पोरींनी पैजच लावली होती, की हे वाक्य अब्बांसमोर उच्चारायची तिची छातीच होणार नाही. तर छाती झाली होती. पुढे काय करायचं, हे मात्र पैजेत ठरलेलं नव्हतं.

अब्बा, म्हणजे नईमभाई कूलरवाले, दुकानात कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या भरत बसले होते. सगळं जग मे महिन्याला शिव्या घालतं. नईमभाईंना मे म्हणजे सणासुदीचा हंगाम. गावाला घाम फुटला, की यांच्या दुकानाला बहर! त्यांनी मूठभर वाळा जाळीत दाबला आणि मान वर न करता म्हणाले,

“ने ना. कोन नाई म्हणते?”

मदीहाने एक डोळा उघडला.

“मी म्हणते!” दुकानामागेच घर होतं, तिथून अम्मीचा आवाज आला. पाठोपाठ हातात पोळीचं लाटणं घेऊन अम्मी स्वतः आली. “त्या रस्त्याले कोळशाचे ट्रक कसे धावते, पाह्यलं काय तुम्ही? पोरगी पडली तर कोपर-गुडघे घरी वापस येतीन काय?”

मदीहा नुकतीच अठराची झाली होती. आठवीत टायफॉइडने तिचं एक वर्ष खाल्लं, त्याचा एकुलता एक फायदा असा, की चंद्रपूरचा बारावीचा उन्हाळी क्लास सुरू व्हायच्या आतच तिच्या हाती लायसन्स आलं. गाडी तिला अब्बांनीच शिकवलेली. पण आजवर तिने ती पटांगणात गोल गोल फिरवली होती, आणि सरळ रस्त्यावर जायला तिचे हात नुसते शिवशिवत होते. शिवाय गाडी मिळाली नाही, तर दुसरा बेत तयारच होता: उन्हाळाभर चंद्रपूरला खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी राहायचं. खालाला तीन पोरं. धाकटं दात येतात म्हणून रडायचं, मधलं ते रडतं म्हणून रडायचं, आणि मोठं दोघांना रडवायचं. तिथे फिजिक्स शिकण्यापेक्षा विहिरीत बसून शिकणं सोपं.

“अम्मी, मी हळूच चालवीन,” ती म्हणाली.

“हळू चालवणारेच पडते. जोरात चालवणारे पुढं निघून जाते. चामड्याचं जाकीट घालशीन, चांगलं जाड, तरच जाशीन.”

“चामडं?” आता अब्बांनी मान वर केली. “या उन्हात? पोरगी क्लासले पोहोचन, पण शिजून पोहोचन! पातळ सुती कपडा पाहिजे. ऊन लागलं तर मानूस जाते, जमीला.”

“अन् सुती कपड्यात पडली तर?”

“अन् चामड्यात चक्कर येऊन पडली तर?”

एकूण पेच असा होता: जाड घातलं तर ऊन मारणार, पातळ घातलं तर रस्ता मारणार. दोघंही मदीहाच्या काळजीनेच भांडत होते, त्यामुळे तिला कोणावर रुसताही येईना.

शनिवारी अम्मी तिला बसने चंद्रपूरच्या बाजारात घेऊन गेली. रंजीताही आली, कारण पैज हरल्यापासून तिला या प्रकरणात फारच रस वाटू लागला होता. दुकानदाराने काळंभोर जाकीट काढलं.

“घाला ताई. मनालीले जानारे लोक नेते. बर्फात बसलं तरी घाम येते.”

“इथी तर बर्फाशिवायच येऊन राह्यला,” अम्मी पदराने वारा घेत म्हणाली.

मदीहाने जाकीट चढवलं, चेन ओढली, आरशात पाहिलं. काय दिसत होती! हनुवटी आपोआप वर गेली. मग दुकानातली लाईट गेली, पंखा बंद पडला, आणि हनुवटीवरून घामाची धार लागली. जाकीट काढायला गेली तर ते निघेचना. आतून अंगाला चिकटलेलं. एक बाही दुकानदाराने धरली, दुसरी अम्मीने, आणि रंजीताने मदीहाला कमरेला धरून मागे खेचलं. जाकीट निघालं तेव्हा मदीहा उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होती, सालासकट.

“मी म्हटलं होतं,” घरी आल्यावर अब्बा म्हणाले.

“तुम्ही नुसतं म्हणता. करून काई दाखवत नाई,” अम्मी म्हणाली.

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. अब्बा उठले, आणि कूलरसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं काही ते दोघं पहिल्यांदाच भेटत होते.

“जमीला, कूलरमध्ये काय असते? वाळा, पाणी अन् पंखा. वाळा आपल्यापाशी. पाणी आपल्यापाशी. अन् पंखा कायले पाहिजे? गाडी चालली का वारा आपोआप!”

“म्हणजे पोरीले कूलर घालता?”

“कूलर नाई. ताटीचं जाकीट! जाडच्या जाड, अन् थंडच्या थंड.”

अम्मीने नेहमीप्रमाणे आधी कपाळाला हात लावला आणि मग शिलाई मशीन पुढे ओढली. अब्बांनी कूलरची बारीक जाळी कापून दिली. जाळीच्या दोन थरांत वाळा दाबून भरला. पण अम्मीचं समाधान होईना. नुसतं गवत म्हणजे काय कवच? ती आत गेली, आपल्या जुन्या रबरी चपला घेऊन आली, त्यांचे तळ कापले आणि कोपरांवर, खांद्यांवर पक्के टाचून टाकले. बंद मात्र पाठीला आले. समोरच्या ताटीत कुठेही खंड पडता कामा नये, नाही तर वारा फटीतून पळतो, हा अब्बांचा धंद्यातला नियम होता. अन् धंद्यातल्या नियमापुढे अब्बा कोणाचं ऐकत नसत.

ठरलं असं: रविवारी मदीहाने रेल्वे फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन यायचं. सगळं नीट झालं तर सोमवारपासून गाडी तिची. नाही तर खाला.

रविवारी दुपारी, मुद्दाम ऊन तापल्यावर, अब्बांनी जाकीट हौदात बुचकळून काढलं. आतमध्ये ओढणी, वरून निथळणारं जाकीट, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटात अब्बा एरवी स्क्रू ठेवत. सगळे काढले तरी एक कुठेतरी राहिलाच होता आणि तो कानाशी खुळखुळत होता. पाठीचे बंद अम्मीने गाठीवर गाठ मारून बांधले.

“जाय. बिस्मिल्ला म्हन.”

मागे रंजीता बसली. गाडी निघाली, आणि पहिल्या वळणापुढे वारा सुटला.

“रंजीता!” मदीहा ओरडली. “वो, थंडी वाजून राह्यली!”

“खोटं नको बोलू!”

“तुह्या गळ्याची शप्पथ!”

आजूबाजूला लोक तोंडाला दुपट्टे गुंडाळून, डोळे बारीक करून चाललेले. बसच्या खिडक्यांत भाजलेले चेहरे. आणि मधून मदीहा चाललेली, गारेगार, वाळ्याचा सुगंध सोडत, एखाद्या बड्या साहेबाच्या बंगल्यासारखी. अब्बांचा तिला इतका अभिमान वाटला, की तिने उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

मग फाटक लागलं. अन् फाटक बंद होतं.

कोळशाची मालगाडी. एकदा सुरू झाली, की शेवटचा डबा येईपर्यंत माणूस आपला जन्म आठवून घेतो. गाडी थांबली तसा वारा थांबला. वारा थांबला तसं जाकिटातलं पाणी टपटप खाली गळू लागलं. आणि ओल्या वाळ्याचा वास, जो आतापर्यंत मागे सांडत आला होता, तो तिथेच साचला.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली चैतू धनगराच्या बकऱ्या बसल्या होत्या. रानात हिरवं पान औषधाला नाही, नाल्यात पाणी नाही. एका बकरीने नाक वर केलं. मग दुसरीने.

“मदीहा,” रंजीता हळूच म्हणाली, “त्या आपल्याकडं काऊन पाहून राह्यल्या वो?”

“जाकीट छान दिसते म्हणून.”

पहिली बकरी आली आणि तिने मदीहाच्या पोटावरची जाळी चाटली. दुसरीने चाटण्याच्या भानगडीत न पडता सरळ घास घेतला. मग सगळीच पंगत बसली. मदीहाच्या दोन्ही हातांत गाडी. सोडावी तर पडते, धरावी तर बकऱ्या खातात.

“हड्! हड्! रंजीता, हाकल ना!”

रंजीता खाली उतरली, पण ती हसतच होती, आणि हसणाऱ्या माणसाला बकऱ्या जुमानत नाहीत.

“जाकीट काढ माहं!”

“गाठी सुटत नाई वो! पाण्यानं फुगल्या! तुह्या अम्मीनं गाठी मारल्या का टाके घातले?”

“चैतूमामा! ओ मामा, बकऱ्या आवरा!”

चैतू बाभळीखालून ओरडला, “बाई, दोन महिन्यानं त्यायच्या तोंडात ओलं काई पडून राह्यलं! जराशी थांब ना!”

इतक्यात एक दांडगा बोकड मागून दोन पायांवर उभा राहिला, पाठीवरचा मोठा घास तोडायला गेला, आणि त्याचं शिंग जाळीत अडकलं. त्याच क्षणी मालगाडी संपली. फाटक उघडलं. मागचे ट्रक एका सुरात बोंबलू लागले. मदीहा घाबरली, तिने गिअर टाकून क्लच सोडला. गाडी पुढे निघाली, बोकड मागे निघाला, आणि मदीहा मधल्या मध्ये उजव्या कोपरावर, डांबरी रस्त्यावर आपटून फरफटली.

गाडी बंद पडली. रंजीताचं हसू बंद पडलं. ट्रकसुद्धा गप्प झाले.

चैतू धावत आला. “लागलं काय? जास्त लागलं काय?”

“नाई मामा,” मदीहा उठून बसत म्हणाली.

“तुले नाई, बोकडाले इचारून राह्यलो!”

बोकड वाळा चघळत होता. चैतूने कमरेच्या विळ्याने बंद कापले, शिंग सोडवलं, आणि उरलेलं जाकीट हातात धरून उलटंपालटं पाहिलं. “हे घालाले हाय का चाराले?” त्याने विचारलं. 

मदीहाने कोपर वाकवून पाहिलं. दुखत होतं, पण साधा ओरखडाही नव्हता. चपलेच्या रबरावर मात्र खोल चर पडला होता.

“घरी पडल्याचं सांगू नको,” परतताना रंजीता म्हणाली. “बकऱ्यायचं सांग. बकऱ्यायवर कोनी चिडत नाई.”

दुकानाच्या दारात अब्बा-अम्मी उभेच होते. अब्बांनी जाकीट घेतलं. पाठ साफ गायब, पोटाला भोकं, वाळ्याच्या चार काड्या लोंबताहेत.

“माही ताटी,” ते कळवळून म्हणाले. “कोनं खाल्ली?”

“बकऱ्यायनं, चाचा,” रंजीता घाईघाईने म्हणाली. “मस्त थंड होतं पण. बकऱ्यायले बी आवडलं.”

“झालं,” अम्मी फोनकडे वळली. “जाकीट नापास. मी खालाले सांगते, उद्या पोरगी येऊन राह्यली म्हणून.”

अम्मी नंबर फिरवू लागली. पलीकडे घंटी गेली असावी, कारण धाकटं पोर रडल्याचा आवाज मदीहाला इथपर्यंत ऐकू आल्यासारखा वाटला. तिच्या लक्षात आलं, की गोष्ट भलतीच फसली आहे. पडले म्हणून सांगावं, तर गाडी जाते. पडले नाही म्हणावं, तर जाकीट नापास, म्हणून गाडी जाते. दोन्हीकडून जायचीच असेल, तर निदान खरं बोलून जावी.

“अम्मी, फोन ठेव. मी पडली.”

रंजीताने डोळे मिटले. अम्मीच्या हातून रिसीव्हर खाली लोंबला.

“कुठी? कशी? दाखव!” अम्मीने तिचा हात ओढला, बाही वर सारली, कोपर दाबलं, वळवलं, उजेडात धरून पाहिलं. कोपर जसंच्या तसं. मग तिने जाकिटाचा तो चर पडलेला रबरी तुकडा पाहिला. एकदा कोपर, एकदा रबर. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की आधी कोणाला ते ओळखूच आलं नाही. तो गर्व होता.

“मी म्हटलं होतं,” अब्बा छाती काढून म्हणाले, “ताटीचं जाकीट पास होईन!”

“तुमची ताटी बकरीच्या पोटात हाय. पोरीले वाचवलं माह्या चपलेनं!”

“कल्पना कोनाची होती?”

“चप्पल कोनाची होती?”

फोनमधून खाला “हॅलो, हॅलो” करत होती. मदीहाने रिसीव्हर उचलला, “काई नाई खाला, सगळे मजेत हाय,” म्हणाली आणि ठेवून दिला. मग ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. इतकी सरळ, की दोघांना एकमेकांशी भांडताच येईना.

“आता मी काय ठरवलं ते ऐका. वाळा बंद. जाकीट सुती शिवायचं, लांब बाह्यांचं, ढिलं, आतून वारा जाईन असं. कोपर, खांदे, गुडघे, तिथं चप्पल. ऊन चढायच्या आधी निघायचं अन् पहिली बेल होईपर्यंत पोहोचायचं. अन् अब्बा, ताट्या घरोघरी पोहोचवायले गाडी लागन तुम्हाले, तर दुपारून मीच तुम्हाले मागं बसवून नेत जाईन.” ती क्षणभर थांबली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “पन मागं बसायचं असन तर चप्पल बांधूनच बसा लागन. कोपराले, पायाले नाई. बिना बांधल्याचं मी कोनालेच बसवत नाई.”