गौराक्काचं बंदर

रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की गौराक्काची एक भाकरी करपायचीच. निवेदकानं एखाद्या गरीब देशाचं नाव घेतलं, की तिचा हात तव्यावरच थबकायचा.

“चाड म्हनं! ना समुद्र, ना बंदर. दारच न्हाई की रे त्या देशाला!”

मी सातवीतून शाळा सोडून सोलापुरात चादरीच्या कारखान्यात लागलो होतो. वेंगुर्ल्याचं घर लांब. काम टिकेल का, या धास्तीनं घास उतरत नसे. गौराक्काच्या खानावळीत पहिल्याच दिवशी तिनं गाव विचारलं. मी समुद्राचं सांगितलं, तर ती बघतच राहिली.

“अय्यो! दारात समुद्र, आन् भाकरीला हितं आलास?”

वर शेंगाचटणीचा आणखी एक ढीग ताटात पडला. त्या चटणीवर मी सोलापुरात तगलो, असं अजून वाटतं.

दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. सगळे नाक मुरडायचे. अक्का थापता थापता म्हणायची, “आपल्याला बोट लागती म्हून ही तरी आली. नेपाळला बंदर न्हाई, त्याचं पोतं आपल्या अंगणातनं जातंय. आपुन कडी घातली तर?”

“अक्का, तुमास्नी दिल्लीलाच धाडू,” एखादा जेवणारा म्हणायचा.

“धाडा की. भाकऱ्या कोन थापंल, तुजा बा?”

ही विद्या काही रेडिओची नव्हती. नवऱ्यामागं वाटणी झाली, तेव्हा रस्त्याकडची बाजू दिराला गेली आणि मागची खोली अक्काला. आम्ही जेवणारे दिराच्या अंगणातून जायचो, तो खाटेवरून आमच्या पायांकडं बघत बसायचा. एके दिवशी त्यानं सांगून टाकलं, “घरच्यांनी जावं. गिऱ्हाईक न्हाई.”

अक्का समजूत घालायला गेली. वाटेपोटी दोन्ही वेळच्या भाकऱ्या देऊ केल्या. “भावजी, जगात करार करून वाट देत्यात.”

“मग जगाच्या अंगणातनं जावा,” दीर म्हणाला.

मागच्या भिंतीत दार पाडलं तर छप्पर बसेल, असं गवंडी म्हणाला. म्हणून तिनं गल्लीकडं हातभर खिडकी पाडून घेतली. “बंदर झालं रे!” म्हणत पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली. धंदा वाचला. लोक खिडकीतून डबे घेऊन आपापल्या खोलीवर जाऊ लागले. मीही.

एका संध्याकाळी डबा घेताना आत नजर गेली. पाट भिंतीशी उभे करून ठेवलेले, आत जेवणारं कुणी नाही. बातम्या चालू होत्या. कुठल्याशा देशाचं नाव आलं, आणि अक्कानं भाकरी वेळेवर उलटली.

मी डबा तिथंच खिडकीत उघडला आणि उभ्यानं घास मोडला.

“अक्का, त्या चाडचं काय झालं ओ?”

तिनं वळून पाहिलं. “काय व्हतंय? श्येजारी वाट देईल तवा खरं.” मग खिडकीशी आली आणि सांगत राहिली. पाठीमागं भाकरी करपल्याचा वास यायला लागला. मी पुढचा घास मोडला आणि ऐकत राहिलो.